महापडद्याचे कोपरे

सोमवार, ३ मार्च

आजपासून दैनंदिनी. शाळेत असताना एकदा लिहायला घेतली होती. चौथ्या दिवशी बहिणीने ती घरभर वाचून दाखवली, तेव्हापासून बंद. पण आता प्रसंगच तसा आला आहे. आमच्या चित्रपटगृहाचा एक नंबरचा हॉल आज बंद झाला आणि सहा आठवड्यांत तिथे महापडदा उभा राहायचा आहे. मालकांनी सगळ्या स्टाफसमोर जाहीर केलं, की जबाबदारी माझी आणि शेवटी ‘काम समाधानकारक’ या कागदावर सहीही माझीच. म्हणजे मी नाही म्हटलं तर पडदा नाही. एकवीस वर्षं व्यवस्थापकी केली, पण नाही म्हणण्याचा अधिकार पहिल्यांदाच हाती आला. उद्या कोणी या पडद्याचा इतिहास लिहायला बसला तर त्याची पंचाईत होऊ नये, म्हणून ही वही.

घरी आल्यावर हिला सांगितलं. ही म्हणाली, “छान झालं. आता त्या निमित्ताने डोळे दाखवून घ्या. परवा पुन्हा गाडीची डावी बाजू फाटकाला घासलीत.”

फाटक अरुंद आहे हे मी हिला चार वर्षं सांगतोय. डोळ्यांचं म्हणाल तर चष्म्याच्या दुकानात मी तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा धडाधड वाचतो. दुकानदाराने पाठ थोपटायचीच बाकी ठेवली होती.

गुरुवार, ६ मार्च

पडद्याच्या कंपनीची इंजिनिअर आली. मी टाय लावलेल्या पोक्त गृहस्थाची वाट पाहत होतो. आली तिशीतली बाई, खिशात पेन्सिली आणि हातात मोजपट्टी. मला ‘सर’ म्हणाली, तेव्हा जरा बरं वाटलं.

रिकाम्या हॉलमध्ये जमिनीवर खडूने आकृती काढून तिने समजावलं. “सर, लोकांना वाटतं महापडदा म्हणजे नुसती लांबी-रुंदी. खरी गोष्ट वेगळी आहे. आपण समोर बघत असतो तेव्हा बाजूचंही आपल्याला दिसत असतं. धूसर असतं, पण दिसतं. तिथे जोपर्यंत भिंत दिसतेय, बाहेर जायची हिरवी पाटी दिसतेय, तोपर्यंत माणूस बाहेर बसून चित्र बघतो. ती बाजूची नजर चित्राने भरली की माणूस चित्राच्या आत जातो. हा सगळा खटाटोप कोपऱ्यांसाठी आहे.”

म्हणून पडदा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आणि जमिनीपासून छतापर्यंत. सपाट नाही, किंचित आत वळलेला, म्हणजे दोन्ही टोकं प्रेक्षकाकडे झुकतात. खुर्च्याही पुढे ओढायच्या आणि जिन्यासारख्या चढत्या मांडायच्या, म्हणजे पुढच्याचं डोकं आड येत नाही.

मी हे टिपून घेतलं. मी टिपतोय हे पाहून माझ्या सहायकानेही टिपून घेतलं. अकरा वर्षं माझ्या हाताखाली आहे, कधी उलटून बोलला नाही. घरी ही त्याला ‘होयबा’ म्हणते. मला ते आवडत नाही.

शुक्रवार, १४ मार्च

पडदा आला. लांबलचक खोक्यात गुंडाळलेला, बाराजणांनी उचलून आणला. त्यावर चांदीसारख्या रंगाचा थर असतो आणि तो उजेड प्रेक्षकांकडे परतवतो. त्याला हात लावायचा नाही. एका बोटाचा डाग जन्मभर राहतो म्हणे, आणि पुसायला गेलं तर आणखी पसरतो. सगळे हातमोजे घालून वावरत होते. जवळून पाहिलं तर पडद्याला सुईच्या टोकाएवढी हजारो भोकं आहेत. आवाजाचे कर्णे पडद्याच्या मागे असतात आणि आवाज त्या भोकांतून येतो, म्हणून तो बोलणाऱ्याच्या तोंडातूनच येतोय असं वाटतं.

कोणीतरी रिकामा खोका बरोबर माझ्या वाटेत टाकला होता. गुडघा चांगलाच शेकून निघाला. इंजिनिअर बाई म्हणाली, “सर, तो सकाळपासून तिथेच आहे.” सहायकाने मात्र लगेच कामगारांना झापलं.

रविवार, १६ मार्च

सुट्टी. ही दिवसभर घुश्श्यात. कारण विचारलं तर म्हणे सकाळी तुमच्या बाजूला चहाचा कप धरून उभी होते आणि तुम्ही ढुंकूनही पाहिलं नाहीत. मी काही रागावलो नव्हतो. माझ्या मते चहा आलाच नव्हता. हिने मग माझ्या वडिलांचं काढलं, तेही असेच लोकांना ओलांडून जायचे. वडिलांना शेवटी दिसत नव्हतं, पण ते ऐंशीचे होते. मी अठ्ठावन्नचा आहे. वाद वाढवला नाही.

शुक्रवार, २१ मार्च

प्रोजेक्टर बसले. एक नाही, दोन. दोन्ही तेच चित्र त्याच जागी टाकतात, एकावर एक, केसाचाही फरक न पडता. म्हणून उजेड दुप्पट होतो. आत दिवा नाही, लेसर आहे. ते गरम होऊ नयेत म्हणून नळीतून थंड पाणी खेळवलं आहे. रोज सकाळी एक कॅमेरा पडद्याचा फोटो काढतो, हॉलमधले माइक आवाज ऐकतात आणि जे काही सरकलं असेल ते यंत्र स्वतःच जागेवर आणतं.

आमचा जुना ऑपरेटर हे सगळं हाताची घडी घालून बघत होता. त्याला सगळे रीळमास्तर म्हणतात. तीस वर्षं रिळं जोडली, तुटली की दातांनी चिकटपट्टी तोडून पुन्हा जोडली. मी विचारलं, “काय मास्तर, आता तुम्हाला काय काम?” तो म्हणाला, “यंत्र विचारतं, ठीक आहे का. मी ठीकचं बटण दाबतो.” सहायक हसला. मीही हसलो.

बुधवार, २६ मार्च

आज पहिला उजेड पडला आणि मोठा घोटाळा उघडकीस आला. तो मी आणला.

मला हॉलमधल्या सर्वांत चांगल्या खुर्चीवर बसवलं, बरोबर मध्यावर. इंजिनिअर बाईने पडद्याच्या मधोमध एक फुली दाखवली. म्हणाली, “फुलीकडे बघत राहा, सर.” मग डोंगरदऱ्यांचं एक चित्र लागलं. माझ्या मागे बसलेल्या कामगारांपैकी एकाने “आई गं” म्हणून खुर्चीचा हात पकडला.

मला काही आई आठवली नाही. मधलं चित्र सुरेख होतं, पण कडेला चित्र विरत गेलेलं. कोपरे तर जवळजवळ नाहीतच. एवढा बारा माणसांनी उचललेला पडदा, आणि दिसतो आमच्या जुन्या पडद्याएवढाच.

“कोपरे मंद आहेत,” मी म्हणालो.

“सर?”

“मंद. फिके. कडेला काही नाहीच.” मी सहायकाकडे वळलो. “तुम्हाला काय वाटतं?”

त्याने डोळे बारीक केले. “आता तुम्ही म्हणालात तर… हो, मंदच आहेत साहेब.”

मग तिकीट खिडकीवाल्यालाही मंद दिसले, दारावरच्यालाही दिसले. रीळमास्तर म्हणाला, “मला वर काम आहे,” आणि निघून गेला.

गुरुवार, २७ मार्च

दोष फार लबाड आहे. मी कोपऱ्याकडे थेट पाहिलं की तो लख्ख उजळतो. नजर मध्ये आणली की पुन्हा विझतो. हे मी चाळीस वेळा करून पाहिलं, अगदी शास्त्रशुद्ध. सहायकानेही केलं, त्यालाही अगदी तसंच दिसलं.

इंजिनिअर बाईने तीन पायांच्या स्टँडवर उजेडमापक लावून नऊ ठिकाणी मोजलं. मध्ये शंभर धरले तर कोपऱ्यांत नव्वद. “याहून चांगला पडदा मी आजवर बसवलेला नाही, सर.” मी म्हणालो, यंत्राला कळत नसेल, ते एका वेळी एकाच ठिकाणी बघतं. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. उद्धट नाही म्हणता येणार, पण बघण्याची ही काही पद्धत नाही.

सोमवार, ३१ मार्च

सही केलेली नाही. तिच्या कंपनीला तीन पानी पत्र पाठवलं: आपल्या इंजिनिअरला दोष दिसत नाही, आमच्या संपूर्ण स्टाफला दिसतो. सोबत अकराजणांच्या सह्या. रीळमास्तराने सही केली नाही. हाताला तेल लागलंय म्हणाला. नव्या यंत्रांत तेल कुठे असतं, देव जाणे.

कंपनीचा निरोप तासाभरात आला. ग्राहक सांगेल तसं करा, नाहीतर दुसरा माणूस पाठवू. बाईचा चेहरा उतरला होता. म्हणाली, “सर, कोपऱ्यांत जेवढा उजेड जाऊ शकतो तेवढा जातोच आहे. ते जास्त उजळ वाटायला हवे असतील तर एकच उपाय, मधला कमी करायचा.”

“मग करा कमी.”

“मध्ये माणसांचे चेहरे असतात, सर.”

मी म्हणालो, चेहरे लोकांनी पुष्कळ पाहिलेत. कोपऱ्यांसाठी सगळा खटाटोप आहे हे तुम्हीच सांगितलं होतं. सहायकाने माझं वाक्य टिपून घेतलं.

शनिवार, ५ एप्रिल

मधला उजेड साठावर आणला. अजूनही कोपरे हवे तसे नाहीत, पण सुधारणा आहे. अकराही जणांच्या मते जमीन-अस्मानाचा फरक आहे. आता उद्‍घाटनाला सहा दिवस.

मंगळवार, ८ एप्रिल

स्टाफच्या घरच्यांसाठी खेळ ठेवला. संपल्यावर सगळे अप्रतिम म्हणाले. ही माझ्या शेजारी बसली होती. मी विचारलं, कसं वाटलं?

“गोष्ट चांगली होती. पण ती मुलगी दीड तास रडत होती आणि तिचं तोंड काही दिसलं नाही. तिच्या मागे खिडकीत एक कुंडी होती, ती मात्र सूर्यासारखी तळपत होती. मी सगळा वेळ कुंडीच बघत बसले.”

सहायक चटकन म्हणाला, “वहिनी, ते मुद्दाम केलंय.”

“कुंडीसाठी?”

हिला तंत्रातलं कळत नाही. पण पायऱ्या उतरताना मी कठड्यावर आदळलो, तेव्हा इंजिनिअर बाई माझ्या उजव्या हाताला उभी होती. कागद पुढे धरून केव्हाची उभी होती म्हणे. मला ती दिसलीच नाही. तिने हिच्याकडे पाहिलं, हिने तिच्याकडे. बायका अशा वेळी काय ठरवतात ते कळत नाही. उद्या सकाळी अर्धा तास द्या, एवढंच बाई म्हणाली.

बुधवार, ९ एप्रिल

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

मला पुन्हा मधल्या खुर्चीत बसवलं. पडद्यावर चौकटींची जाळी, मध्ये फुली, फुलीच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस घरं, फुलीपासून मोजलेली. बाई म्हणाली, “फुलीवरून नजर हलवायची नाही. एक पांढरा ठिपका कडेकडून आत येईल. दिसला की सांगा.”

मी थांबलो. बराच वेळ काही झालं नाही. शेवटी विचारलं, “सुरू करताय ना?” मग ठिपका दिसला. मी म्हणालो, “दिसला.” बाईने सांगितलं, डावीकडे आठवं घर. उजवीकडे दहावं.

मग रीळमास्तराला बसवलं. त्याने ठिपका उमटताक्षणी सांगितलं, विसाव्या घरात. दुसऱ्या बाजूलाही विसाव्या.

मग सहायक बसला. ठिपका विसाव्यात आला, अठराव्यात, पंधराव्यात. हा गप्प. आठव्या घरात आला तेव्हा हा म्हणाला, “दिसला.” आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, “खरं सांगा.”

“साहेब, पहिल्यापासून दिसत होता.”

“आणि कोपरे? ते मंद आहेत म्हणालात.”

“ते तुम्ही म्हणालात, साहेब.”

बाई हळू आवाजात म्हणाली, “सर, पडद्यात काही नाही. तुम्ही आजच डॉक्टरकडे जा.” खाली चित्रपटगृहाच्या दाराशी ही रिक्षा घेऊन उभी होती. म्हणजे कालच ठरलं होतं.

गुरुवार, १० एप्रिल

काल डोळ्यांच्या दवाखान्यातही तोच खेळ. हनुवटी टेकवून एका पांढऱ्या वाडग्यात बघायचं, मध्ये खूण, आणि बारीक ठिपके उमटले की बटण दाबायचं. मी फार कमी वेळा दाबलं.

डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आत दाब वाढतो आणि मागची नस मरत जाते. दुखत नाही. आधी कडा जातात. अंधार दिसत नाही, कारण जे जातं तिथे मेंदू आपल्या मनचं काहीतरी भरतो. मधली नजर शेवटपर्यंत टिकते आणि अक्षरांचा तक्ता वाचायला तेवढीच लागते. गेलेलं परत येणार नाही. रोज न चुकता थेंब घातले तर उरलेलं बहुतेक टिकेल. गाडी आजपासून बंद. घरात कोणाला होतं का? ही म्हणाली, “यांच्या वडिलांना.” डॉक्टर म्हणाले, मग मुलाबाळांनाही तपासून घ्यायला सांगा, आजच.

मुलीला फोन मी केला. दोन वाक्यं नीट बोललो, तिसऱ्याला फोन हिच्या हातात दिला. मला भीती वाटते आहे. इतिहासासाठी नाही, माझ्यासाठी लिहून ठेवतो, की खूप भीती वाटते आहे.

आज दुपारी हॉलवर गेलो. बाईला सांगितलं, तुमच्या मापाप्रमाणे सगळं पूर्ववत करा. तिने केलं. मी रीळमास्तराला विचारलं, “तुम्हाला पहिल्या दिवसापासून नीट दिसत होतं. मग बोलला का नाहीत?”

तो म्हणाला, “तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही सांगितलंत.”

कागदावर सही केली आणि बाईच्या कंपनीला पत्र लिहिलं. दोष पडद्यात कधीच नव्हता, मला बाजूचं दिसत नाही. आपल्या इंजिनिअरने पहिल्या दिवशीच काम चोख केलं होतं, नंतरचा सगळा खेळखंडोबा माझा. मालकांनी त्याची प्रत वाचली आणि दार लावून घेतलं. “असं लिहितात का? ‘तांत्रिक गैरसमज’ लिहा. महापडद्याच्या प्रमुखाला दिसत नाही हे लोकांना कळलं तर काय राहील आपलं?” मी म्हणालो, पत्र गेलं. तेव्हा त्यांनी सुस्कारा टाकला आणि सांगितलं, की महापडद्याचा प्रमुख उद्यापासून सहायक. मी बाकीचे दोन हॉल बघावेत.

तेवढ्यात सहायक आत आला. मालक म्हणाले, हॉलमधला आवाज जरा कमी वाटतो का? तो म्हणाला, “हो साहेब, कमीच आहे.”

बाई जाताना पाया पडेल की काय अशी भीती वाटली, पण तिने हात पुढे केला. माझ्या समोर, बरोबर मध्यावर. मला तो लगेच दिसला.

शुक्रवार, ११ एप्रिल

उद्‍घाटन. भाषणात सहायकाने माझं ‘कोपऱ्यांसाठी सगळा खटाटोप आहे’ हे वाक्य स्वतःचं म्हणून वापरलं. वापरू दे. ते माझंही नव्हतं.

आम्हाला मधल्या दोन खुर्च्या मिळाल्या. समुद्राचं चित्र होतं. दिवे गेले आणि सगळा हॉल एकदम पाण्यात गेल्यासारखा श्वास रोखून बसला. मला समोर पाणी दिसत होतं, स्वच्छ, प्रत्येक लाट वेगळी. त्याच्या बाजूला काय आहे ते माहीत नव्हतं. माहीत नाही, हे मात्र आज पहिल्यांदा माहीत होतं.

आजूबाजूचे लोक “बापरे” म्हणाले आणि माझ्या चित्रात काहीच झालं नाही. एरवी मी मान डोलावून मोकळा झालो असतो. मी हिच्याकडे झुकलो.

“काय झालं?”

“डावीकडून जहाज येतंय.”

“केवढं?”

“खूप मोठं. थांबा, येईल तुमच्यापर्यंत.”

मी थांबलो. खरंच आलं. आधी टोक, मग शिडं, मग कठड्याला टेकून उभी असलेली माणसं, आणि त्यांचे चेहरे अगदी स्पष्ट होते. मागच्या रांगेतल्या कोणीतरी “शूऽ” केलं. ही गप्प झाली. मी हिचा हात धरला आणि हळूच म्हणालो, “सांग ना. आता काय आहे तिकडे?”